पदरमोड कुणी करायची? सागरी सेवेचे स्वयंसेवक आणि त्यांच्यामागचा पैसा

प्रश्न थोडक्यात असा आहे: तटरक्षक दलासारख्या सरकारी सागरी सेवेच्या मदतीला स्वयंसेवकांचं पथक उभं करायचं आहे. काहींच्या स्वतःच्या बोटी आहेत, एक-दोन बोटी देणगीतून मिळतील. माणसं कशी सांभाळायची, त्यांना मानधन द्यायचं का, आणि पैसा सेवेच्या अंदाजपत्रकातून घ्यायचा की लोकांकडून उभा करायचा?

मी हे काम बरीच वर्षं सेवेच्या बाजूने पाहिलं आहे. आदेश काढायचे, बिलं मंजूर करायची, अपघात झाला की कागद गोळा करायचे. त्यामुळे माझं उत्तर खलाशाचं कमी आणि हिशेबनिसाचं जास्त वाटेल, त्याला इलाज नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्वयंसेवकाच्या तासांचे पैसे देऊ नका. त्याला पदरमोड मात्र करायला लावू नका. आणि त्याच्या जिवाची व बोटीची जोखीम कुणाच्या डोक्यावर आहे, हे पहिली बोट धक्क्यावरून सुटायच्या आधी कायद्याच्या भाषेत लिहून घ्या. यांतली शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. बहुतेक ठिकाणी चर्चा मानधनापासून सुरू होते, गणवेशाच्या रंगावर रेंगाळते आणि जोखमीपर्यंत पोचतच नाही.

स्वयंसेवक म्हणजे बिनखर्चाचा माणूस, हा समज सहसा वरून येतो. पगार नाही म्हणजे खर्च नाही, असं तिथे धरलेलं असतं. प्रत्यक्षात प्रत्येक माणसामागे पार्श्वभूमीची पडताळणी, वैद्यकीय तपासणी, लाइफ जॅकेट, थंड पाण्यात उतरायचं असेल तर ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा पोशाख), वायरलेसचं प्रशिक्षण, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आणि दर ठरावीक काळाने या सगळ्याचं नूतनीकरण एवढं येतंच. सगळ्यांत महाग बाब कुणी मोजत नाही. ती म्हणजे स्वयंसेवकांची कामं पाहणारा पगारी माणूस. फोन उचलणारा, वेळापत्रक लावणारा, बिल अडकलं तर लेखा विभागात जाऊन बसणारा. तो नेमायची तयारी नसेल, तर पथक काढू नका. एखादा उत्साही अधिकारी आपलं काम सांभाळून हे बघतो तोवर चालतं; त्याची बदली झाली की पथक विस्कटतं.

आता कायद्याकडे येऊ. सरकारला फुकट काम स्वीकारता येतं, असं अनेकजण गृहीत धरतात. अमेरिकेत कायद्याने परवानगी दिलेली नसेल, तर सरकारी खात्याला कुणाची ऐच्छिक सेवा घेताच येत नाही. मानवी जीव किंवा मालमत्ता वाचवण्याची तातडी हा त्यातला अपवाद. कारण साधं आहे. संसदेने खर्चाला घातलेली मर्यादा खात्यांनी मागच्या दाराने ओलांडू नये आणि आज फुकट काम करणाऱ्याने उद्या त्याचे पैसे मागू नयेत. म्हणून तिथल्या तटरक्षक दलाच्या सहायक दलाला स्वतंत्र कायद्याचा आधार आहे. २३ जून १९३९ रोजी ते ‘रिझर्व्ह’ या नावाने स्थापन झालं. १९४१ मध्ये लष्करी राखीव दल वेगळं काढलं गेलं आणि या बिगरलष्करी स्वयंसेवकांना ‘ऑक्झिलिअरी’ हे आजचं नाव मिळालं. १९९६ च्या कायद्याने त्यांच्या कामाची व्याप्ती वाढवली. आता थेट कायदा-अंमलबजावणी आणि लष्करी कारवाई सोडून तटरक्षक दलाच्या जवळजवळ कुठल्याही कामात ते मदत करू शकतात.

या रचनेतला खरा दागिना म्हणजे ‘आदेश’. सहायक दलाचा सदस्य आपली बोट, विमान किंवा रेडिओ केंद्र सेवेला वापरायला देतो, त्याची तपासणी होते, आणि मग दल त्याला विशिष्ट कामाचा आदेश देतं. आदेशावर असताना ती खासगी बोट कायद्याच्या नजरेत सरकारी जहाज होते. सदस्य जखमी झाला तर भरपाईसाठी आणि त्याच्या हातून तिसऱ्याचं नुकसान झालं तर दाव्यासाठी त्याला संघराज्याच्या कर्मचाऱ्यासारखं धरलं जातं. आदेश संपला की तो पुन्हा आपल्या बोटीचा मालक, एक सामान्य नागरिक.

तुमच्या देशात कायदा वेगळा असेल, पण ही सुरुवात आणि हा शेवट कागदावर असलाच पाहिजे. घरून ट्रेलरवर बोट ओढत धक्क्यापर्यंत आणताना अपघात झाला तर? गस्त संपवून परत येताना वाटेत बुडणारी होडी दिसली तर? नियंत्रण कक्षाचा तोंडी होकार आदेश मानायचा का, आणि त्याची नोंद कुठे होणार? असे पाच-सहा प्रसंग घ्या, सेवेचा विधी अधिकारी आणि विमा कंपनीचा माणूस यांना एका टेबलाशी बसवा आणि उत्तरं लिहून घ्या. ‘तेव्हाचं तेव्हा बघू’ असं उत्तर ज्या प्रसंगाला येईल, भांडण नेमकं तिथेच होतं.

बोटीच्या नुकसानीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण माझ्या टेबलावर सर्वांत कडवट फाइली याच असायच्या. मालक म्हणतो प्रोपेलर गस्तीत वाकला. लेखा विभाग म्हणतो तो आधीपासून वाकलेला होता. दोघेही प्रामाणिक असू शकतात. उपाय नीरस पण खात्रीचा आहे: दरवर्षी तपासणी, तपासणीच्या वेळी तारखेसह फोटो, आणि गस्तीला निघण्यापूर्वी पाच मिनिटांची लेखी पाहणी. अपघाती नुकसान आणि रोजची झीज यांचे रस्ते वेगळे ठेवा. झीज इंजिनाच्या तासांप्रमाणे ठरावीक देखभाल भत्त्यातून भागवावी, नुकसान दाव्यातून. मालकाला एक गोष्ट आवर्जून सांगा: अनेक खासगी पॉलिसी फक्त वैयक्तिक सहलीच्या वापरासाठी असतात. सेवेच्या कामात बोट वापरल्यावर पॉलिसी लागू राहते का, हे त्याने विमा कंपनीकडून लेखी घ्यावं. तोंडी आश्वासनाला दाव्याच्या दिवशी काडीची किंमत नसते.

संरक्षण आणि पैसा या दोन गोष्टी एकमेकींना बांधू नका. वर्षाच्या शेवटी इंधनाची तरतूद संपते, हे कुठल्याही सेवेत ठरलेलं आहे. तेव्हा खर्च न देणारा पण विम्याचं व कायद्याचं छत्र देणारा आदेश काढता आला पाहिजे, म्हणजे ज्याला स्वतःच्या इंधनावर जायचं आहे तो उघड्यावर पडणार नाही. पण ही सोय अडचणीपुरतीच. ती रोजची झाली, तर ज्यांना परवडतं तेवढेच लोक पथकात उरतात.

आता मानधन. हा प्रश्न भावनेचा वाटतो, पण त्याचं उत्तर बरंचसं कामगार कायद्यात दडलेलं आहे. ब्रिटनचं उदाहरण पाहा. तिथल्या तटरक्षक सेवेच्या किनारी बचाव पथकांत हजारो स्वयंसेवक आहेत. कड्यावर अडकलेले, चिखलात रुतलेले, हरवलेले लोक शोधायला तेच जातात. सेवेच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की हे नातं ऐच्छिक आहे, नोकरीचा करार नाही. पण काही कामांसाठी तासाच्या दराने मोबदला मागायची सोय होती. किरकोळ खर्च भागावा आणि अवेळी बोलावण्यामुळे होणाऱ्या गैरसोयीची भरपाई व्हावी, हा हेतू. अनेकजण तो कधी मागतही नसत. पुढे एका जुन्या स्वयंसेवकावर शिस्तभंगाची कारवाई झाली, सुनावणीला संघटनेचा प्रतिनिधी सोबत आणू दिला नाही, आणि आपण कायद्याने ‘कामगार’ ठरतो का हा वाद त्याने न्यायाधिकरणात नेला. खालच्या न्यायाधिकरणाने त्याच्या विरोधात निकाल दिला. २०२४ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो फिरवला: ज्या कामाला हजर राहिल्यावर मोबदला मागायचा हक्क आहे, त्या कामापुरता करार होतो आणि त्या कामापुरता तो माणूस कामगार ठरतो.

या निकालातून दोन गोष्टी शिकायच्या. पुस्तिकेत ‘स्वयंसेवक’ लिहिलं की माणूस स्वयंसेवक होत नाही. पैसा कशाबद्दल दिला जातो, हे न्यायालय पाहतं. आणि वाद पैशावरून सुरू झालाच नव्हता, तो वागणुकीवरून सुरू झाला. त्याबद्दल पुढे बोलतोच.

मग तासाचे पैसे द्यायचेच नाहीत का? द्यायचे असतील तर उघडपणे द्या, त्या माणसाला अर्धवेळ कर्मचारी माना, किमान वेतन, रजा, कर, सगळं लागू करा. काही ठिकाणी तेच योग्य असतं. जिथे रात्रीअपरात्री दर आठवड्याला बोलावणी येतात, तिथे ‘सेवाभाव’ म्हणत लोकांना राबवून घेणं बरं नव्हे. मधली वाट मात्र टाळा. कर्मचाऱ्यासारखं वेळापत्रक, कर्मचाऱ्यासारखी शिस्त, हातावर टेकवलेलं थोडंसं मानधन, आणि हक्क विचारले की ‘तुम्ही तर स्वयंसेवक’. यात दोन्हीकडचं वाईट तेवढं एकत्र येतं.

माझी पसंती झालेला खर्च पूर्ण परत करण्याला आहे. इंधन पावतीप्रमाणे, प्रवास किलोमीटरप्रमाणे, लांब गस्त असेल तर जेवण, आणि प्रशिक्षणाला जाण्या-येण्याचा व राहण्याचा खर्च. ठरावीक दर लावायचा तर तो खऱ्या खर्चाच्या जवळ ठेवा. दर फार सढळ असला की ते छुपं वेतन होतं, फार कंजूष असला की छुपी वर्गणी. पण दरापेक्षा वेग महत्त्वाचा. बिल दिल्यावर पैसे महिनोन्‌महिने आले नाहीत की लोक बिल द्यायचंच सोडतात. वरच्यांना वाटतं खर्च कमी झाला. प्रत्यक्षात झालेलं असतं ते असं की नोकरीत नवीन लागलेली मुलगी, मासेमारीवर पोट असलेला तांडेल आणि विद्यार्थी हळूच बाजूला झाले आणि निवृत्त, सुस्थितीतले बोटमालक तेवढे राहिले. ही मंडळी चांगलीच असतात. पण रात्री दोन वाजता लाटांत दोर फेकायला तरुण खांदेही लागतात. ‘घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या’ हे आपण कौतुकाने म्हणतो खरं, पण घरचं खाणं सगळ्यांना परवडत नाही.

गणवेशाचाही प्रश्न इथेच येतो. अमेरिकी सहायक दलात सदस्य वर्गणी भरतात आणि गणवेश साधारणपणे स्वतःच्या पैशाने घेतात. त्यांचा गणवेश तटरक्षक दलासारखाच दिसतो, फक्त सोनेरी चिन्हांच्या जागी चंदेरी. हौसेच्या गणवेशापुरतं हे ठीक आहे. जीव वाचवणारी वस्तू मात्र कुणालाही विकत घ्यायला लावू नये. लाइफ जॅकेट, हेल्मेट, संकटसूचक बीकन ही सेवेने द्यायची, सेवेनेच तपासायची आणि मुदत संपली की सेवेनेच बदलायची.

पैसा आणायचा कुठून? जगात याची ढोबळ तीन-चार उत्तरं आहेत आणि एकही निर्दोष नाही. अमेरिकेत स्वयंसेवक सेवेच्या पोटातच आहेत. कामाचा खर्च सेवेच्या तरतुदीतून होतो आणि बाकीच्या गरजांसाठी वेगळी ना-नफा संस्था देणग्या गोळा करते. कॅनडात तटरक्षक सहायक दल १९७८ पासून आहे, पण ते प्रदेशवार ना-नफा संस्थांच्या रूपाने चालतं. सरकार त्यांच्याशी अंशदानाचे करार करतं आणि अधिकृत कामावर असताना विमा व बोटीचा खर्च त्यातून भागतो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात २००९ मध्ये वेगवेगळ्या सागरी स्वयंसेवी संघटना एकत्र करून एकच संस्था झाली; तिच्या निधीचा एक स्रोत म्हणजे हौशी बोटींच्या नोंदणीवर आणि परवान्यांवर बसवलेला अधिभार. ज्यांना मदत लागण्याची शक्यता आहे त्यांच्याकडूनच थोडं थोडं घ्यायचं, ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. दरवर्षी कुणापुढे हात पसरावा लागत नाही आणि बोटी वाढल्या की निधीही वाढतो.

दुसऱ्या टोकाला जर्मनीची बचाव संस्था. १८६५ मध्ये स्थापन झालेली, देणग्यांवर चालणारी, आणि तरीही ब्रेमेनमधलं तिचं केंद्र समुद्रातल्या शोध-बचावाचा समन्वय राज्याच्या वतीने करतं. छोट्या होडीच्या आकाराच्या तिच्या दानपेट्या १८७५ पासून लोकांच्या परिचयाच्या आहेत. ब्रिटनची लाइफबोट संस्था १८२४ ची. तिची बोट कधी हवी हे सरकारी तटरक्षक कळवतो, पण बोट, चालक दल आणि पैसा संस्थेचा. या संस्थेने १८५४ ते १८६९ या काळात सरकारी अनुदान घेऊन पाहिलं होतं आणि मग आपणहून सोडून दिलं. सरकार देतंय म्हटल्यावर लोक हात आखडता घेतात आणि अनुदानाबरोबर सरकारी देखरेखही येते, असा तो अनुभव.

पण यावरून ‘सरकारी पैसा वाईट’ असा निष्कर्ष काढायची घाई करू नका. दीड-दोनशे वर्षांची पुण्याई, किनाऱ्यावर घराघरांत ओळख आणि मृत्युपत्रात रक्कम ठेवून जाणारे लोक, हे भांडवल नव्या पथकाकडे नसतं. फ्रान्सची १९६७ ची बचाव संस्था देणग्या आणि सरकारी मदत या दोन्हींवर उभी आहे. ७ जून २०१९ रोजी ले साब्ल-दोलोन इथे वादळात तिची बोट उलटली आणि तीन स्वयंसेवक गेले. त्यानंतर तिथल्या सेनेटमध्ये या संस्थेच्या साधनांची आणि निधीची चर्चा झाली. किनाऱ्यावरची माणसं वाचवणं हे राज्याचं कर्तव्य असेल, तर त्या कर्तव्याचा किती भाग दानपेटीवर सोडायचा, हा तो प्रश्न. समुद्रातल्या शोध व बचावाबद्दलचा १९७९ चा आंतरराष्ट्रीय करार जबाबदारी राज्यांवर टाकतो. काम कुणाकडूनही करून घ्या, जबाबदारी हस्तांतरित होत नाही.

माझा सल्ला: विमा, सुरक्षेची साधनं, अनिवार्य प्रशिक्षण आणि आदेशावरचं इंधन हे चार खर्च सरकारी तरतुदीतूनच हवेत, आणि करार निदान तीन वर्षांचा हवा. एकेक वर्षाच्या मंजुरीवर प्रशिक्षणाचं नियोजन होत नाही आणि कपात आली की पहिली कात्री तिथेच लागते, कारण त्याने कुणाचा पगार थांबत नाही. देणगीचा पैसा त्याच्या वरच्या गोष्टींना वापरा: बोटघराची डागडुजी, शाळांमधले कार्यक्रम, जास्तीचं उपकरण.

देणग्या सेवेने थेट घ्याव्यात का? शक्यतो नको. अनेक देशांत सरकारी खात्याकडे आलेली रक्कम तिजोरीत जमा होते आणि तुमच्या बोटीपर्यंत पोचत नाही; शिवाय संसदेने न दिलेला पैसा खात्याने बाहेरून आणणं, यालाच आक्षेप असतो. वेगळा न्यास किंवा ना-नफा संस्था काढा, तिचं स्वतंत्र लेखापरीक्षण करा आणि तिच्या मंडळावर सेवेतला सेवारत अधिकारी मतदानाच्या हक्कासह बसवू नका. देणगीदारही पारखून घ्या. ज्या कंपनीच्या जहाजांची तपासणी तीच सेवा करते, तिने दिलेल्या बोटीवर तिचं नाव रंगवलेलं दिसलं की लोक काय समजायचं ते समजतात.

बोट देणगीत मिळाली की सगळे खूश होतात. मी पहिला प्रश्न विचारायचो: ही सांभाळणार कोण? इंजिनाचं ओव्हरहॉल, ट्रेलर, जागा, विमा, दहा-बारा वर्षांनी बदली, याची सोय नसेल तर तो पांढरा हत्ती आहे. देणगीपत्रात मालकी कुणाची, देखभाल कुणाची आणि विकायची वेळ आली तर पैसे कुणाचे, हे लिहा. बोट द्यायला दहाजण पुढे येतात, पण प्रशिक्षकाच्या प्रवासखर्चासाठी देणगी देणारा विरळा. म्हणून देणगी मागताना ‘कुठल्याही कामासाठी’ अशी मुभा असलेली रक्कम मागायची सवय ठेवा.

आणि एक छोटी गोष्ट. बंद पडलेली बोट ओढून आणली की तिचा मालक धक्क्यावर नोटा पुढे करतो. त्या हातात घ्यायच्या नाहीत. न्यासाच्या खात्याचा तपशील असलेलं कार्ड द्यायचं आणि निघायचं. मुळात संकटात नसलेली बोट ओढणं हे व्यावसायिक टोइंगवाल्यांचं पोट आहे. अमेरिकी तटरक्षक दलाचं धोरणही त्यांच्याशी स्पर्धा टाळण्याचं आहे.

जीव गेला तर काय, हे बोलायला कुणालाच आवडत नाही. १९ डिसेंबर १९८१ रोजी कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर पेनलीची लाइफबोट एका मालवाहू जहाजावरच्या माणसांना वाचवायला गेली आणि तिचे आठही स्वयंसेवक बुडाले. गावासाठी जमलेला मदतनिधी तीस लाख पौंडांच्या आसपास गेला, आणि सरकार त्यावर कर लावणार म्हटल्यावर मोठा गहजब झाला. शोकात असलेल्या कुटुंबांच्या दारात कराचा हिशेब नको असेल, तर मदतनिधीची कायदेशीर रचना, वारसांची नोंद आणि विम्याची रक्कम हे आधीच ठरवावं लागतं. त्याच रात्री पेनलीच्या प्रमुखाने एका तरुणाला बोटीवर घ्यायला नकार दिला होता, कारण त्याचे वडील आधीच बोटीवर होते. एका घरातली दोन माणसं एका बोटीवर नकोत. हा नियम तुमच्या पुस्तिकेत घाला. किनाऱ्यावरच्या छोट्या वस्तीत तो पाळणं अवघड जातं, कारण बाप-लेक, भाऊ-भाऊ एकत्रच भरती होतात.

आता माणसं. भरतीच्या जाहिरातीत उसळत्या लाटांचा फोटो असतो आणि येणाऱ्या प्रत्येकाला बोटीवर जायचं असतं. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त काम जमिनीवर असतं: वायरलेसवर कान ठेवून बसणं, बोटींची तपासणी, सुरक्षिततेचे वर्ग, दुभाषाचं काम, नोंदी. हे पहिल्याच भेटीत सांगा. जे निघून जातील त्यांना जाऊ द्या.

बोटींच्या तपासणीचं काम स्वयंसेवकांना फार शोभतं. अमेरिकी सहायक दलाचे सदस्य हौशी बोटींची मोफत सुरक्षा तपासणी करतात. उत्तीर्ण झाली तर स्टिकर मिळतं. नापास झाली तर दंड नाही, तक्रार नाही, फक्त काय दुरुस्त करायचं ते सांगतात. मालक म्हणूनच त्यांना बोटीवर चढू देतो. अधिकार नसणं हीच इथे त्यांची ताकद आहे. म्हणून स्वयंसेवकांना थोडेफार दंडाचे अधिकार देण्याची सूचना आली की मी कडाडून विरोध करत आलो.

समुद्रावर जाणाऱ्यांसाठी पात्रता पायऱ्यांनी हवी: आधी चालक दलातला सदस्य, मग अनुभव आणि परीक्षेनंतर बोटीचा प्रमुख. पात्रता एकदा मिळाली की आयुष्यभर नव्हे. वर्षात ठरलेले तास आणि कवायती झाल्या नाहीत तर ती थांबते. इथे ज्येष्ठांचा मान आड येतो. वीस वर्षं बोट चालवणाऱ्या काकांना ‘या वर्षी तुम्ही किनाऱ्यावर’ हे सांगणं कुणालाच जमत नाही, म्हणून ते काम नियमाने करावं, माणसाने नव्हे. वैद्यकीय निकषही तसेच.

निघण्यापूर्वी जोखमीचा अंदाज घ्यायची पद्धत असते. अमेरिकी तटरक्षक दल हिरवा-पिवळा-लाल अशी श्रेणी वापरतं: हवामान, चालक दलाचा थकवा, कामाची गुंतागुंत, बोटीची स्थिती यांना चालक दल स्वतः आकडे देतं. तुम्ही कुठलीही पद्धत घ्या, पण त्यात एक अट घाला: चालक दलातला सगळ्यांत नवा माणूसही ‘नको’ म्हणू शकतो आणि त्याला कारण विचारलं जाणार नाही. पगारी कर्मचाऱ्याला आदेश पाळावा लागतो, स्वयंसेवकाला नाही. हे नियंत्रण कक्षातल्या अधिकाऱ्यांना समजावून सांगावं लागतं. काहींना ते अजिबात रुचत नाही.

पगारी कर्मचारी आणि स्वयंसेवक यांच्यातला ताण नैसर्गिक आहे. कर्मचाऱ्यांना वाटतं हे आपली पदं खाणार, स्वयंसेवकांना वाटतं हे आपल्याला हौशी समजतात. पद रिकामं ठेवून ते काम स्वयंसेवकाकडे वळवणार नाही, हे सेवेने लेखी द्यावं, आणि कवायती एकत्र घ्याव्यात. अधिकारी वर्षातून एकदा बक्षीस समारंभाला येतो त्यापेक्षा तो एखाद्या रात्रीच्या कवायतीला येऊन चहा पीत बसला तर जास्त उपयोग होतो.

मोजमापाबद्दल थोडक्यात. स्वयंसेवेचे तास मोजून ते अहवालात पैशात रूपांतरित करण्याची पद्धत सर्वत्र आहे. मंत्र्याला सांगायला आकडा बरा, पण तासांवर बक्षिसं दिली की तास वाढतात, काम नव्हे. मी तीन गोष्टी विचारायचो: गेल्या महिन्यात किती रात्री बोटीला पुरेसं चालक दल उपलब्ध नव्हतं, बोलावणं आल्यापासून बोट सुटेपर्यंत किती वेळ गेला आणि कितीजणांची पात्रता मुदतीत आहे. शेवटचा आकडा घसरू लागला की समजावं, अडचण सहा महिन्यांवर आली आहे.

शेवटी शिस्त, कारण ब्रिटनमधला तो वाद तिथूनच सुरू झाला होता. स्वयंसेवकाला काढून टाकणं सोपं असतं असं वाटतं. पगार नाही, नोटीस नाही, एक ईमेल की झालं. पण त्याच्यासाठी ते गाव, ते मित्र, ती ओळख असते. आरोप लेखी द्या, उत्तराला वेळ द्या, सोबत कुणाला आणायचं असेल तर आणू द्या, आणि अपील दुसऱ्या माणसाकडे ठेवा. चौकशीच्या काळात समुद्रावरचं काम थांबवा, बैठकांना येणं थांबवू नका. याला खर्च जवळजवळ शून्य आहे.

करारात एक कलम बहुतेकजण विसरतात: पथक बंद पडलं तर काय. बोटी, साधनं, न्यासातली शिल्लक आणि स्वयंसेवकांचे वैद्यकीय कागद कुणाकडे जाणार, आणि बंद होण्यापूर्वीच्या गस्तीत झालेल्या दुखापतीचा दावा नंतर आला तर तो कोण स्वीकारणार, हे पहिल्याच मसुद्यात लिहून टाका.